एका पलंगावरच्या दोघी

फोन आला तेव्हा मी धुळ्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलच्या काउंटरवर उभी होते. समोर एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी नाचवत ‘हीच दे, दुसरी चालायची नाही’ म्हणून बजावत होते. परदेशातला अनोळखी नंबर दिसला आणि मला वाटलं, हर्षदाच असणार, नवं सिम घेतलं असेल. मी हसतच म्हणाले, ‘काय गं, आज झोपायचं नाही का?’ पलीकडे हर्षदा नव्हती. अनु नावाची केरळची मुलगी होती, डब्लिनमधल्या त्या खोलीत माझ्या जागी राहायला आलेली. ती इंग्रजीत, थांबत थांबत बोलत होती. आदल्या संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा हर्षदा पलंगावर भिंतीला टेकून बसलेली होती. बसल्या बसल्या डोळा लागला असेल असं अनुला वाटलं. म्हणून तिने दिवासुद्धा लावला नाही. आवाज न करता कोट काढून ठेवला, चहाचं पाणी ठेवलं... आणि मग हाक मारली.

मी आजोबांना गोळ्या दिल्या, सुटे पैसे दिले, ते गेल्यावर मागच्या स्टुलावर बसले. दुकानाचे मालक विचारत होते काय झालं. ‘हर्षदा गेली,’ एवढंच मी म्हणाले. जे झालं होतं ते मला त्या क्षणी नवीन वाटलंच नव्हतं. कुठेतरी आतून मी या फोनची वाट बघत होते, असंच वाटलं. त्याला आता दीड-दोन महिने होतील, पण ती भावना गेलेली नाही.

हर्षदा पहूरची. वडिलांचं तिथे बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे; गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. जळगावला बी.फार्म.ला आम्ही एकाच वर्गात होतो आणि होस्टेलला एकाच खोलीत. पहिल्या दिवशी मी तिला आमच्या धुळ्याच्या बोलीत विचारलं, ‘तुन्हं गाव कोनतं शे?’ तर ती मोठ्याने हसली आणि पुढची चार वर्षं माझं ‘शे’ तिने खाली पडू दिलं नाही. ‘चहा शे का? पेपर शे का? बठ्ठं शे ना?’ म्हणजे सगळं आहे ना? तिचं हसणं असं की वॉर्डनबाई जिन्यातून ओळखायच्या. उंच, हाडापेराने मोठी, चालायला लागली की बरोबरीने पळावं लागायचं. बसमध्ये जागेवरून एखाद्या बाईने दादागिरी केली तर आम्ही गप्प बसायचो, हर्षदा भांडायची, आणि भांडण संपलं की त्याच बाईला शेंगदाणे द्यायची. झोपेच्या बाबतीत तर कमाल होती. आडवी झाली की हात एकीकडे, पाय एकीकडे, अख्खा पलंग व्यापून टाकायची. आम्ही म्हणायचो, हिच्या नवऱ्याला जमिनीवरच झोपावं लागणार.

लहानपणी तिला दमा होता, हे मला होस्टेलला असताना कळलं. दिवाळीत फटाक्यांचा धूर झाला तेव्हा एकदा तिला त्रास झाला आणि तिने कपाटातून पंप काढला. ‘दहावीपर्यंत होता, मग गेला,’ म्हणाली. ‘आमच्याकडचं ऊन लागलं की कोणताही रोग पळतो.’ पुढे तिसऱ्या वर्षी दम्याची औषधं आम्हाला अभ्यासाला होती. श्वासनलिका कशी सुजते, कशी आवळते, कोणतं औषध रोजचं आणि कोणतं त्रास झाला तरच घ्यायचं, हे आम्ही एकमेकींना विचारून पाठ केलं. तिला त्या पेपरात माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले.

बाहेर जायचं खूळ आधी तिचं, मग माझं. जळगावला रिंग रोडवर एका कन्सल्टंटचं ऑफिस होतं, एसी लावलेलं, भिंतीवर हिरव्या कुरणांचे आणि दगडी कॉलेजांचे फोटो. तिथल्या मॅडमनी फी सांगितली, बँकेच्या कर्जाचं सांगितलं, व्हिसाचं सांगितलं. आबांनी विचारलं, ‘आणि राहण्या-खाण्याचं कसं?’ त्यावर मॅडम इतक्या सहज म्हणाल्या, ‘ते काय, पार्टटाइममधून निघतं, सगळीच मुलं काढतात,’ की आबांनाच आपण भलतंच विचारल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हा दोघींना उसाचा रस पाजला. तो प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

डब्लिनला उतरल्यावर पहिले काही आठवडे आम्ही नुसत्या खोल्या बघत हिंडलो. एका खोलीसाठी दारापासून कोपऱ्यापर्यंत मुलांची रांग असायची, आमच्यासारखीच, हातात कागदांची फाइल घेतलेली. कॉलेजचं वसतिगृह परवडण्यातलं नव्हतं. शेवटी गावाच्या टोकाला एका जुन्या घराच्या मागच्या बाजूची खोली मिळाली. अर्धी जमिनीखाली होती. छताजवळ एक अरुंद खिडकी, तीही रंगाने घट्ट बसलेली, उघडत नव्हती. मालक चांगलं बोलायचा. ‘तुम्ही मुली शांत असता, मला भारतीय मुलीच बऱ्या वाटतात,’ म्हणाला. आम्हाला इतका आनंद झाला होता की आम्ही त्याच संध्याकाळी खिडकीला पडदा विकत आणला, पिवळ्या फुलांचा. वर्षभर कॉलेज केलं, सुट्टीच्या दिवशी कामं केली, रडतखडत निभावलं. कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला जी मुदत मिळते ती सुरू झाली आणि त्याच सुमारास मालकाने भाडं वाढवलं. परवडत नसेल तर खोलीत आणखी दोन मुली घ्या, असं तो म्हणाला. एक पलंग काढून तिथे दोन मजली पलंग टाकून देतो, आणि एक साधा पलंग राहू द्या. त्या दोन मजलीवर दोन मुली आल्या आणि उरलेला एक पलंग आम्हा दोघींचा झाला.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथे कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणी तशाच राहत होत्या. हर्षदाला पावाच्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली, पाव भरायच्या सरकत्या पट्ट्यावर. मी दिवसा एका कॅन्टीनमध्ये. ती सकाळी यायची तेव्हा मी कामावर निघत असायचे. ती दारात बूट काढायची, मी दारात बूट घालायचे. केसांवर, पापण्यांवर पीठ बसलेलं असायचं. ‘पलंग गरम आहे का?’ ती विचारायची. मी म्हणायचे, ‘आत्ताच उठले, पटकन शिर.’ तिथल्या थंडीत ही फार मोठी गोष्ट होती. हीटरची वीज आधी पैसे भरायच्या कार्डावर चालायची आणि कार्ड संपलं की खोली मुकाट गार व्हायची, म्हणून आम्ही हीटर फक्त कपडे बदलायच्या वेळी लावायचो. माझ्या अंगाची ऊब जाण्याआधी ती रजईत शिरायची. आणि मी संध्याकाळी परतायचे तेव्हा ती निघून गेलेली असायची, रजई माझ्यासाठी नीट घालून, उशी पालथी करून. वर्षभर आम्ही एका पलंगावर झोपलो आणि एकमेकींशी धड बोललो असू ते तिच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी करून दोघी झोपायचो. पूर्ण पलंग व्यापणारी हर्षदा भिंतीला चिकटून, हात छातीशी घेऊन झोपायला शिकली होती.

भिंतीवरचे डाग आधी तिनेच दाखवले. पलंगाच्या बाजूच्या कोपऱ्यात, खाली, तीळ सांडल्यासारखे. ‘बुरशी धरली गं,’ ती म्हणाली. आम्ही फडक्याने पुसलं, गेलं. आठवड्याने पुन्हा आलं, थोडं वर. कपडे वाळवायला दुसरी जागा नव्हती, चौघींचे ओले कपडे खोलीतच दोरीवर असायचे, स्वयंपाकाची वाफ त्यातच, खिडकी उघडायची सोय नाही. सकाळी उठले की माझी उशी दमट लागायची. मालकाला फोटो पाठवला. तो स्वतः आला, हसत हसत, रंगाचा डबा घेऊन. दुपारभरात कोपरा पांढराशुभ्र करून गेला. ‘तुम्ही मुली फार वाफेचं जेवण करता,’ एवढंच बोलला. पुढच्या महिन्यात त्या रंगाच्या आतून डाग वर आले, आता तिळाएवढे नाही, हाताच्या पंजाएवढे. घरी व्हिडिओ कॉल करताना हर्षदा पलंगावर उभी राहायची आणि मागे पिवळ्या फुलांचा पडदा येईल असा फोन धरायची. तिची आई म्हणायची, ‘खोली चांगली दिसते व.’ ती म्हणायची, ‘हो आई, एकदम मस्त.’

खोकला कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही, कारण ती खोकायची तेव्हा मी बाहेर असायचे. खोलीतली दुसरी मुलगी एकदा म्हणाली, ‘तुझी मैत्रीण दिवसा झोपत नाही, बसून असते.’ सुट्टीच्या दिवशी मी स्वतः ऐकलं. श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. दोघी फार्मसीच्या... त्या आवाजाचा अर्थ आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. मी म्हणाले, ‘तुझा दमा परत आलाय. ते पीठ आणि ही भिंत, दोन्ही तुला चालणारं नाही.’ ती म्हणाली, ‘माहितेय मला.’ मी तिला ओढूनच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भल्या बाई होत्या. छाती तपासली, रोज घ्यायचा पंप लिहून दिला आणि म्हणाल्या, राहती जागा बदला, कामही बदला, महिन्याने पुन्हा दाखवा. बाहेर आल्यावर फुटपाथवर उभी राहून हर्षदा हसायला लागली, तेच जुनं मोठं हसणं, पण मध्येच दम लागून थांबावं लागलं. ‘जागा बदला! दीपाली, यांना वाटतं आपण हौसेने राहतो तिथे.’

पुन्हा दाखवायला ती गेली नाही. नुसत्या तपासणीची फी ऐकूनच तिथे आमच्यासारख्या मुली आजार अंगावर काढायच्या. पंपही पुरवून पुरवून वापरायची. दोन वेळचा एकदाच, मग एक दिवसाआड. मी भांडले तर म्हणायची, ‘आईला बोललीस तर बघ. ती आबांना सांगेल आणि आबा म्हणतील परत ये. औषधाच्या कंपनीत दुसऱ्या फेरीला बोलावलंय मला. ती नोकरी लागली की पहिल्यांदा खिडकीवाली खोली घेते.’ तिला खरंच बोलावलं होतं. एकदा नव्हे, तीन-चार ठिकाणी. प्रत्येक वेळी शेवटी ते विचारायचे, व्हिसाची मुदत किती उरली? आणि मग कळवतो म्हणायचे.

आमचे कोर्स वेगळे होते; माझी मुदत तिच्याआधी संपली. नोकरी मिळाली नाही, मी परत यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी ती पाळीवरून थेट बसथांब्यावर आली होती, अंगावर कारखान्याचा कोट तसाच. आकाश काळवंडलेलं होतं, दिवस उजाडला तरी उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. चढावरून चालत आल्यामुळे तिला धाप लागली होती; कितीतरी वेळ ती नुसती खांब धरून उभी राहिली. माझ्या आधी पळणारी ही मुलगी. मी म्हणाले, ‘चल माझ्याबरोबर. तिकिटाचं बघू.’ तिने मान हलवली. ‘आता मध्येच आले तर सगळंच वाया गेलं म्हणतील. उन्हाळा आला की बरं वाटेल मला. इथेही येतो ना उन्हाळा?’ मग बस आली. मी चढले, तर तिने खालून ओरडून विचारलं, ‘धुळ्याची बस शे ना?’ बसमधले लोक बघायला लागले. मी हसत होते आणि रडत होते. वळणापर्यंत ती दिसली, एक हात वर आणि दुसरा छातीवर ठेवलेला.

पुढे फोनवर बोलायचो तेव्हा ती लहान लहान वाक्यं बोलायची. एक वाक्य, मग थांबणं. मला वाटायचं, नेटवर्क अडतंय. मग लक्षात यायचं की नेटवर्क नाही...

ती गेल्यावर तिला घरी आणायला बरेच दिवस लागले. तिथल्या मराठी मुलांनी धावपळ केली, वर्गणी काढली, कागदपत्रं जमवली. अनु आणि बाकीच्या दोघी त्या दिवसानंतर ओळखीच्यांकडे राहत होत्या; अनु हर्षदाचं सामान बांधायला खोलीवर गेली, तर मालकाने खोली पुन्हा रंगवून घेतलेली होती. अनु म्हणाली, रंगाच्या वासाने मला आत उभं राहता येईना, आणि दारात एक मुलगी फाइल घेऊन खोली बघायला उभी होती.

तेराव्यानंतर मी पहूरला गेले. जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याची बस धरली. दुपारच्या उन्हात डांबर चकाकत होतं, खिडकीतून येणारा वारा तोंड भाजत होता आणि मी सगळा रस्ता एकच विचार करत होते, की एवढ्या कोरड्या, एवढ्या उन्हाच्या मुलखातली मुलगी ओलीने गेली. आबा ओसरीवर बसले होते, चार माणसं भेटायला आलेली. मला बघून ते उठले आणि ‘आत जा बेटा, तुझी वाट पाहते ती,’ एवढंच म्हणाले. हर्षदाच्या आईने मला जवळ घेतलं नाही, रडल्याही नाहीत. पाणी दिलं, जेवायला वाढलं, मी दोन घास खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दीपाली, मले खरं सांग. तिची खोली कशी होती? त्या फुलांच्या पडद्याशिवाय मले कधी काही दिसलंच नाही.’

मी सांगितलं. सगळं सांगितलं. भिंत, खिडकी, आमचा पलंग, पीठ, पुरवून वापरलेला पंप. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी एकच विचारलं, ‘म्हणजे ती आडवी पडतच नव्हती?’ मी म्हणाले, ‘शेवटी शेवटी नाही, काकू.’ ‘लहानपणी अशीच बसून राहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी पाठीशी बसो. माह्या छातीवर टेकली की झोप लागे तिले.’ आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

मी निघायला बाहेर आले तर ओसरीवर आबांचे चुलतभाऊ बसलेले. आबा आत हात धुवायला गेले तेवढ्यात ते माझ्याजवळ आले. चांगला, सरळ माणूस. हर्षदाला आणायला मुंबई विमानतळावर तेच गेले होते. आवाज खाली आणून म्हणाले, ‘बाई, राग मानू नको. आमच्या निकिताचं पण तिकडचंच झालंय, या सप्टेंबरला. जागेचा फार प्रश्न आहे म्हणतात. ती तुमची जागा स्वस्तातली होती... आता रिकामीच असेल ना?’ मागे दाराशी निकिता उभी होती, वीस-बावीसची, चापूनचोपून वेणी घातलेली. मी तिच्याकडे वळून भिंतीचं, बुरशीचं, सगळं पुन्हा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. काका म्हणाले, ‘पण दिवसभर तर बाहेरच राहायचं ना, खोलीत थांबतो कोण?’ आणि निकिता अगदी मला धीर दिल्यासारखी म्हणाली, ‘ताई, मला दमा नाहीये.’

त्या दोघांना मी दोष देत नाही. फी भरून झाली आहे, निरोप समारंभात हार घालून झाला आहे. मी निकिताला बजावलं आहे की जागा बघितल्याशिवाय पैसे भरू नकोस, खिडकी उघडून बघ, भिंतीला हात लावून बघ. ती ‘हो ताई’ म्हणते. परवा तिचा मेसेज होता, जागा नक्की झाली, आधीच पैसे भरावे लागले, पाच जणी आहेत. सोबत खोलीचा फोटो. पांढरीशुभ्र भिंत, नुकती रंगवल्यासारखी. मी तो फोटो मोठा करून करून कोपरे बघत बसले. काही दिसत नाही. पुढे काय दिसेल ते मला सांगता येत नाही.

हर्षदाच्या आईला मी अधूनमधून फोन करते. हर्षदाच्या पहूरच्या खोलीत आता कोणी झोपत नाही. आबा म्हणतात, बंदच राहू दे. पण काकू ऐकत नाहीत. सकाळी कामं आटोपली की त्या एकट्याने तिची गादी ओढत अंगणात आणतात आणि उन्हात टाकतात. सावली सरकली की गादी सरकवतात, दुपारी एकदा पालथी करतात, काठीने झोडपतात, ऊन उतरलं की उचलून पुन्हा पलंगावर घालतात, वर चादर ओढून. बघणाऱ्यांना आधी वाटलं, चार दिवस करतील. आता शेजारच्या बायका येता-जाता एक टोक धरू लागतात. काल फोन केला तेव्हा त्या नुकत्याच आत आल्या होत्या, दम लागला होता. मी म्हणाले, ‘काकू, रोज कशाला एवढं?’

‘आज ऊन चांगलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘हात लावून पाह्यलं मी. पार आतपर्यंत कोरडी झाली.’